नावाड्याच्या घरातला कंदील

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी व्हिडिओ गेम खेळायचं मशीन विकत घेतलं, हे कारखान्यात कळलं तेव्हा दोन दिवस माझी यथेच्छ थट्टा झाली. मी तळेगावजवळ आंबीच्या एका कारखान्यात डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करायच्या कामावर आहे. ट्रकवाल्यांशी भांडून भांडून माझा आवाज आणि स्वभाव दोन्ही चढे झालेत, असं माझा नवरा म्हणतो. अशा बाईने जेवणाच्या सुट्टीत कंट्रोलर किती वेळ चार्ज करावा हे विचारत फिरावं, हे लोकांना झेपत नव्हतं. "पोरांसाठी घेतलं का?" असं जो तो विचारायचा. मी सांगायचे, "नाही, माझ्यासाठी." मग विचारणारा आपल्या डब्याकडे वळायचा. फक्त क्वालिटी खात्यातला एक तिशीतला सहकारी डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, कुठला गेम?" मी नाव सांगितलं. "तो मी चार दिवसांत संपवला," तो म्हणाला. मला त्याचा एकदम राग आला, कारण मला तो संपवायला तीस वर्षं पुरली नव्हती.

लहानपणी मी एकच गेम खेळले आणि तो अर्धाच राहिला. तोच आता नव्या मशीनसाठी पुन्हा काढलाय, अशी बातमी मला फोनवर दिसली. खाली चित्र होतं. पहिल्या गावातली विहीर आणि विहिरीशेजारी उभा असलेला निळ्या फेट्याचा म्हातारा. चित्रं घासूनपुसून लख्ख केली होती, विहिरीतलं पाणी आता हलत होतं, पण म्हातारा तिथेच होता. कंपनीच्या बसमध्ये मी इतक्या मोठ्याने "अगं बाई" म्हटलं की ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवला.

ज्यांनी असले गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. यात पटापट बटणं दाबायची नसतात. एका गावातला मुलगा घरातून निघतो, गावोगाव हिंडतो, माणसांशी बोलतो, वाटेत जनावरं आडवी आली तर लढतो, वस्तू गोळा करतो आणि हळूहळू बळकट होत शेवटी एका राक्षसापर्यंत पोचतो. लढाई आली की गेम थांबून विचारतो, काय करू? मारू, औषध घेऊ की पळू? उत्तर द्यायला हवा तेवढा वेळ घ्या. भाकरी थापून या, गुरांना पाणी पाजून या, तो तसाच थांबून राहतो. म्हणूनच माझी मावशी हा गेम खेळू शकली. खरं तर गेम तिचाच होता, मी फक्त बटणं दाबायची आणि इंग्रजी वाचायची.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. लोणावळ्याच्या अलीकडे वलवणला एका मुंबईच्या कुटुंबाचा बंगला होता. तो मावशी आणि काका राखायचे. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार आणि धरणाच्या बाजूला काकांचं भाताचं थोडं शेत. मालक मंडळी मे महिन्यात आणि दिवाळीत यायची, एरवी बंगला बंद. आठवड्यातून दोनदा मावशी खिडक्या उघडायची, गाद्या उलट्या करायची, लोणावळ्याच्या दमट हवेने कपाटांना बुरशी धरू नये म्हणून सगळं कोरड्या फडक्याने पुसायची. किल्ल्यांचा जुडगा कायम कमरेला. मी तळेगावहून सुट्टीत जायचे तेव्हा मला आत यायची परवानगी असायची, पण हात मागे बांधून. अक्षरशः हात मागे बांधून. आवारात फणस होता. तो पिकून खाली पडला तरी मालकांना विचारल्याशिवाय मावशी गरा तोंडात टाकायची नाही, आणि मालक तर मुंबईला. वासाने आमचा जीव जायचा.

तेव्हाचं ते मशीनही बंगल्यातूनच आलं. मालकांच्या नातवाला परदेशातून नवं आलं, तेव्हा त्यांच्या घरच्या बाईंनी जुनं मावशीला दिलं. सोबत एकच गेम होता. दिलं म्हणजे कायमचं दिलं की सांभाळायला दिलं, हे मावशीने तीनदा विचारून घेतलं. तरी खोका माळ्यावर जपून ठेवलाच, उगाच मागितलं तर नीट बांधून देता यावं म्हणून.

मागच्या खोलीत छोटा काळा-पांढरा टीव्ही होता. मी मराठी शाळेतली, इंग्रजी बेताचं. मांडीवर शब्दकोश घेऊन एकेक वाक्य लावायचे आणि मावशीला सांगायचे. गेमने सुरुवातीला पोराचं नाव विचारलं तेव्हा मावशीने बंगल्यावरच्या कुत्र्याचं नाव द्यायला लावलं, कारण तो एकटाच तिचं ऐकायचा. काका शेतावरून आले की दारात टेकून बघायचे. पोरगा एका घरात शिरला तर म्हणाले, "त्याला सांग, चपला भाईर काढ."

मावशीने पहिल्याच दिवशी एक नियम घातला. या गेममध्ये घराघरांत मडकी आणि पेट्या असतात. त्या उघडायच्या, आत असेल ते घ्यायचं आणि चालू पडायचं. घरातली माणसं बघत उभी असतात, तरी कुणी हूं की चूं करत नाही. गेम तसाच बनवलाय, जगभरची पोरं तसाच खेळतात. मी पहिल्या पेटीपाशी गेले आणि मावशीने माझं मनगट धरलं.

"घर कुनाचं हाय?"

"त्या बाईचं असेल."

"ती काय म्हनली का, घे म्हनून?"

"नाही."

"मंग?"

झालं. जंगलातल्या, गुहेतल्या पेट्या उघडायच्या, कारण त्यांना मालक नाही. दुसऱ्याच्या घरातल्या पेटीला हात लावायचा नाही. घरात कुणी नसेल तर मुळीच नाही. "कुनी बगत नसलं की तवाच तर राखन असती," असं तिचं म्हणणं. आमचा पोरगा त्यामुळे कायम फाटका राहिला. लोकांकडे चिलखतं आली असती तेव्हा आमच्याकडे काठी होती. मावशीला त्याचं काही वाटायचं नाही, काठीनेसुद्धा बेडूक मरतात म्हणायची. आणि बेडूक पळायला लागला की त्याला सोडून द्यायला लावायची.

एका मे महिन्यात मी नियम मोडला. मावशी बंगल्यात पाहुण्यांचं करायला गेली होती. तिसऱ्या गावात एका कुंभाराच्या घरात ओळीने पाच मडकी होती. मी पाचही उघडली. प्रत्येकात झाडपाल्याच्या औषधाची एक पुडी. मावशीला इंग्रजी येत नसलं तरी आकडे चांगले कळायचे. संध्याकाळी ती बसली आणि म्हणाली, "सकाळच्याला चार पुड्या व्हत्या. नऊ कशा झाल्या?"

मी शब्दकोशात डोकं घातलं.

"ठेव परत."

"मावशी, परत ठेवता येत नाही. गेममध्ये तशी सोयच नाही."

तिने खरंच विचार केला. मला वाटलं, सुटले. मग ती म्हणाली, "तर मंग पयल्यापासनं." आणि मशीनचं ते बटण कुठलं हे तिने मलाच विचारलं. तीन आठवड्यांचा खेळ माझ्याच बोटाने पुसला. मी मोठ्याने रडले, जेवले नाही. रात्री तिने मला शेजारी निजवलं आणि चांदीच्या वाटीची गोष्ट सांगितली. पूर्वी एकदा बंगल्यातली चांदीची वाटी सापडत नव्हती. मालकीणबाई चोर म्हणाल्या नाहीत, फक्त, "नीट आठवून बघ हं," एवढंच म्हणाल्या. वीस दिवस मावशी नीट आठवत होती. मग वाटी मुंबईच्याच घरी निघाली. तेही मावशीला कुणी कळवलं नाही, ड्रायव्हरच्या बोलण्यात आलं म्हणून समजलं. "तवापासनं मी पडलेला फनस बी उचलत न्हाई," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही विहिरीजवळच्या निळ्या फेट्याच्या म्हाताऱ्यापासून पुन्हा सुरुवात केली.

आणि मग आम्ही अडकलो. अर्ध्या वाटेवर एक अंधारी गुहा लागते. मावशी तिला बोगदा म्हणायची, कारण घाटातले रेल्वेचे बोगदे तिच्या रोजच्या बघण्यातले. बोगद्याच्या पलीकडे समुद्रावर विझलेलं दीपगृह. ते विझलंय म्हणून होड्या परत येत नाहीत. ते पेटवायचं, पण बोगद्यात इतका अंधार की थोडं आत गेलं की पोरगा घाबरून मागे फिरतो. आम्ही पावलं मोजली, जुन्या दिनदर्शिकेच्या मागे नकाशा काढला, अकरा पावलं पुढे, चार उजवीकडे. काही उपयोग नाही. उजेड हवा होता आणि तो कुठे मिळेल ते कुणी सांगत नव्हतं. दोन वर्षं सुट्ट्यांमागून सुट्ट्या आम्ही त्या बोगद्याच्या तोंडाशी काढल्या. मावशीला राक्षसाचं काही पडलं नव्हतं. तिला एकच काळजी, त्या होड्यांवरच्या माणसांच्या घरी कोण बघत असेल. शेवटी एका पावसाळ्यात मशीनच्या आत बुरशी गेली आणि ते बंद पडलं. मी कॉलेजला गेले, नोकरीला लागले. मावशी मात्र अधूनमधून विचारायची, "त्या होड्या आल्या का गं?" जणू मी पेपरात ती बातमी वाचून आले होते.

नवं मशीन आलं तेव्हा मी पहिले तीन रविवार घरी एकटीच खेळले. नवऱ्याने शेजारी बसून बघितलं आणि त्याला प्रश्न पडला, "त्या पेट्या का उघडत नाहीस?" मी म्हटलं, "उघडते की." पण बोट बटणावर जायचं आणि दाबलं जायचं नाही. डिस्पॅचला मी चार पुरुषांना गप्प करते, आणि इथे चित्रातल्या पेटीला हात लावायची माझी छाती होईना. बोगद्यापर्यंत मी काठी घेऊनच पोचले. आणि पुन्हा अडकले.

तेव्हा मी शहाण्यासारखं इंटरनेटवर बघितलं. उत्तर एका ओळीत होतं. बंदराच्या गावात एका नावाड्याचं घर आहे. नावाडी समुद्रात अडकलाय, घर रिकामं. आतल्या पेटीत कंदील आहे.

ते घर मला स्वच्छ आठवत होतं. आम्ही त्यात दहादा तरी गेलो होतो. मावशी म्हणायची, घरात कुनी न्हाई, चल भाईर. मी खुर्चीत मागे टेकून हसले, आणि हसता हसता मला वाईट वाटायला लागलं. सगळ्या जगाला मिळाला तो कंदील आम्हाला मिळाला नाही, कारण आम्ही चोर नव्हतो. हे मावशीला सांगायचं कसं?

एरवी मी फोन करून सांगून टाकलं असतं आणि दोघी पोट धरून हसलो असतो. पण मावशीचे दिवस बरे नव्हते. बंगला विकला गेला होता. मालकांची आधीची पिढी संपली, नातवंडांना लोणावळ्यात रस नाही. मावशीला महिनाभर आधी फोनवर कळवलं. ठरलेल्या दिवशी गाडीतून एक माणूस आला, हातात सामानाची यादी. तो खोल्याखोल्यांतून टिक करत फिरला. चमचे, चादरी, पडदे, सगळं. एकही वस्तू कमी निघाली नाही. त्याने किल्ल्या घेतल्या, सही घेतली आणि गेला. चाळीस वर्षांनी. मावशी आणि काका वलवण गावातल्या स्वतःच्या घरात राहायला आले, त्यांचं तसं काही अडत नव्हतं. पण मावशी भिंतीला टेकून बसायला लागली. मी गेले की म्हणायची, "यादी बरुबर निघाली गं. तेवढंच." एकदा म्हणाली, "एवडं राखलं ते कशापायी राखलं, काय कळंना. कुनी बगितलं बी न्हाई." मला त्या यादीवाल्याचा इतका संताप आला की तो माझ्या गेटवर ट्रक घेऊन आला असता तर मी त्याला संध्याकाळपर्यंत उभा ठेवला असता. मावशीला मात्र मी नुसतं, जाऊ दे गं, एवढंच म्हणू शकले.

म्हणून चौथ्या रविवारी मी मशीन पिशवीत घातलं आणि सकाळी साडेसातलाच स्कूटर काढली. त्यानंतर निघालं की लोणावळ्याच्या वाटेवर सहलीच्या गाड्यांत तासभर उभं राहावं लागतं. भात निघून गेलं होतं, खाचरांत नुसती धसकटं. मावशीकडे आता भिंतीवरचा मोठा टीव्ही आहे. मी तारा जोडल्या. विहीर दिसली, निळ्या फेट्याचा म्हातारा दिसला, आणि माझी एकाहत्तर वर्षांची मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली.

"अगं, ह्याचा फेटा निळा व्हता व्हय? मला काय ठावं, आपला टीव्ही काळा-पांढरा."

निळा असं मी तेव्हा इंग्रजीत वाचून तिला सांगितलं होतं, ते ती विसरली होती. मी नाही.

मग तिने चष्मा लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुटंवर आलीस? पेट्या न्हाई ना उघडल्यास?"

"एक पण नाही. आईची शपथ."

ती समाधानाने मान हलवून बसली. मी पोराला बोगद्याच्या तोंडाशी आणलं, आणि मग एकदाचं सांगून टाकलं. कंदील नावाड्याच्या घरात आहे. त्या रिकाम्या घरात. पेटीत.

मावशी बोटांवर काहीतरी मोजायला लागली. काका खाटेवर तांदूळ निवडता निवडता थांबले. मग मावशी म्हणाली, "म्हंजी दोन वरसं आपुन हितं..." आणि तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की काकांनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मीही हसले. हसणं ओसरलं तसा तिचा चेहरा बदलला. "बग, राखून काय मिळालं," ती म्हणाली. "बोगद्यात अंधार."

मला हेच नको होतं. मी घाईने म्हटलं, "अगं, आता घेऊ या ना. त्या नावाड्यालाच घरी आणायचंय. त्याचाच कंदील त्याच्यासाठी."

"त्याला इचारता येतं का?"

"तो समुद्रात आहे."

तिने विचार केला. काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "मानूस आनायला चाललीस, वाटी न्यायला न्हाई."

"घेतला तर परत ठेवता येतो का?" मावशीने मला विचारलं.

परत ठेवता येत नाही, हे मी तिला लहानपणीच रडत रडत सांगितलं होतं. नव्या मशीनवरही येत नाही, हे मी इंटरनेटवर वाचलं होतं. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "येतो."

मग तिने कंट्रोलर माझ्या हातातून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. बटण कुठलं ते विचारलं आणि पेटी स्वतः उघडली. घरात आणखी दोन मडकी होती. मी त्यांच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. मडकी राहिली.

कंदील घेऊन बोगद्यात शिरलो तेव्हा भिंती दिसल्या, वटवाघळं दिसली, आणि आमच्या दिनदर्शिकेवरचा नकाशा सगळा चुकीचा होता हेही दिसलं. काठीनेच लढत, चहाला थांबत, दुपारी जेवून पुन्हा बसत आम्ही चारच्या सुमाराला दीपगृहावर पोचलो. मावशीनेच ते पेटवलं. समुद्रावर उजेड फिरला आणि एकेक करत होड्या किनाऱ्याला लागल्या. तिने त्या मोजल्या. सात.

"आल्या," ती म्हणाली. आणि लगेच, "चल, कंदील ठिवून येऊ."

मी कंट्रोलर तिच्याकडून घेतला. मी म्हटलं, पुढचा रस्ता उत्तरेला आहे, राक्षस तिकडे आहे, माघारी कशाला जायचं. इंटरनेटवरही लिहिलं होतं, दीपगृहानंतर बंदरात काही काम नाही, सरळ उत्तरेला जा. मावशीने फक्त, "तू येतो म्हनलीस," एवढंच म्हटलं. मी मुकाट्याने पोराला वळवलं. सगळा बोगदा परत पार केला. वाटभर मी मनात शब्द जुळवत होते, माफी कशी मागावी याचे. पाच पुड्यांच्या वेळी निदान मी दहा वर्षांची होते.

नावाड्याच्या घराचं दार उघडलं. आत चूल पेटलेली होती आणि एक म्हातारा उभा होता. मी पेटीजवळ जाऊन दोनतीनदा बटण दाबलं, पेटी रिकामी आहे, एवढंच आलं. मावशी माझ्याकडे बघायला लागली. काय करावं न कळून मी म्हाताऱ्याशी बोलायचं बटण दाबलं. तो इंग्रजीत बोलला आणि मी लहानपणीसारखं त्याचं मराठी करत वाचत गेले.

"तू कंदील परत द्यायला आलास. समुद्रातून उजेड दिसला तेव्हाच मी ओळखलं, तो माझा कंदील आहे. मला भीती वाटत होती की इतके दिवस घर उघडं, काही राहिलं नसेल. घरी येऊन बघतो तर सगळं जागच्या जागी आहे. कंदील तुझ्याकडेच राहू दे. चांगल्या हातांत आहे."

तीस वर्षांपूर्वी कुठेतरी लांब देशात बसून कुणीतरी हे वाक्य लिहून ठेवलं होतं. कंदील परत द्यायला कोण येणार, सगळे उत्तरेला जातात, हे ठाऊक असून लिहून ठेवलं होतं. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

मावशी म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा "सगळं जागच्या जागी आहे" तिनेच म्हटलं, माझ्याआधी. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. तिने चष्मा काढून पदराला पुसला. मग खाटेकडे वळून मोठ्याने म्हणाली, "अवो, ऐकलं का? घर जागच्या जागी हाय म्हनतो."

काकांनी तांदळातला खडा काढून टाकला. "असनारच की," ते म्हणाले. "राखायला तू व्हतीस."

राक्षसाकडे आम्ही त्या दिवशी गेलो नाही. मावशीने मला तांदूळ दिला, यंदाची इंद्रायणी, आणि मशीन तिथेच ठेवून जायला सांगितलं. निघताना म्हणाली, खोका असंल तर पुढच्या येळेला आन, हितं नीट ऱ्हाईल.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी क्वालिटीतल्या त्या सहकाऱ्याला विचारलं, नावाडी तुला काय म्हणाला होता. त्याला आधी आठवेना. दीपगृहानंतर तोही उत्तरेला गेला होता. फक्त शेवटी राक्षस मारून झाल्यावर एकदा उगाच गावं हिंडताना त्या घरात गेला होता. "हां," तो म्हणाला, "तो म्हणाला, उजेड लावणाऱ्याचे आभार, पण कुणीतरी माझं घर धुऊन नेलंय. मला वाटलं, तो सगळ्यांना तेच म्हणतो." मी त्याला आमचं वाक्य सांगितलं, आणि त्या घरातली मडकी आम्ही उघडली नव्हती हेही. त्याचा विश्वास बसेना. त्याने फोनवर शोधलं, दोनचार ठिकाणी विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं.

मी तिथूनच मावशीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं.

"तुज्या त्या सायबाला सांग," ती म्हणाली, "पयल्यापासनं खेळ म्हनावं."